मोत्याचं पान किती रुपयांचं?

कुत्र्याच्या जेवणावर कुणी दोन पानं लिहील आणि तुम्ही ती वाचाल, असं पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर आपण सगळ्याजणी हसलो असतो. आपल्या कोकणात कुत्र्याचं जेवण हा काही विषय नव्हता. माणसं जेवून उठली की उरलेला भात, त्यावर आमटी नाहीतर माशाचं कालवण, आणि मागल्या दारी एक हाक. झालं जेवण! पण मैत्रिणींनो, आता दिवस बदलले आहेत. कुत्र्यासाठी ‘ताजं, मंद आचेवर शिजवलेलं’ जेवण पाकिटात बंद होऊन, बर्फात बसून, पार आमच्या रत्नागिरीपर्यंत येऊन पोचलं आहे. कोंबडी, तांदूळ, भोपळा, गाजर, मटार असं सगळं त्या पाकिटात दिसतं. वास घेतला तर माणसालाही भूक लागावी!

आमच्या घरी हे पाकीट आलं ते नणंदेच्या मायेपोटी. त्या पुण्याला असतात. मे महिन्यात आंब्याला म्हणून आल्या, तेव्हा आमचा मोत्या अंग खाजवून खाजवून हैराण झाला होता. मोत्या गावठी, वय वर्षं दहा, वजन पंधरा किलो. नणंद म्हणाल्या, “वहिनी, याला तुमचा भात बाधतोय. पुण्यात सगळे आता ताजं जेवण मागवतात. मी पाठवते.” मी म्हटलं, “वन्सं, आधी डॉक्टरांना दाखवू या.” दाखवलं. डॉक्टरांनी कानामागची केसं बाजूला केली आणि गोचिडी दाखवल्या. औषध दिलं, अंथरूण उन्हात टाकायला सांगितलं, आणि महिनाभरात खाज गेली. तोवर मोत्याच्या पानात काहीच बदललं नव्हतं.

हे मी मुद्दाम आधी सांगते. कुत्र्याची खाज पुष्कळदा पिसवा-गोचिडींची असते, आणि कोकणातल्या दमट हवेत त्यांचं चांगलंच फावतं. आपण एकाच दिवशी औषधही देतो, जेवणही बदलतो, आणि गुण आला की श्रेय पाकिटाला देऊन मोकळ्या होतो. म्हणून परीक्षेचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

खाज गेली तरी वन्संचा शब्द कायम होता. जूनअखेर रात्रीच्या खाजगी बसनं थर्माकोलचा एक खोका आला, नंतर दुसरा. एकेका खोक्यात पंधरा पाकिटं, प्रत्येक पाकीट ३०० ग्रॅमचं, किंमत १५० रुपये. कंपनी थेट आमच्या पत्त्यावर पाठवायला तयार नव्हती, म्हणून ही बसची यातायात. मी बी. ए. झालेली, आठवड्यातले चार दिवस शाळेत अर्धवेळ शिकवते. माझे विषय मराठी आणि इतिहास, पण कुणी रजेवर गेलं की खालच्या वर्गाचं गणित माझ्याच गळ्यात पडतं. तेव्हा ठरवलं, पाकिटाची आरतीही ओवाळायची नाही आणि नाकही मुरडायचं नाही. शंभर पानी वही घ्यायची आणि परीक्षा घ्यायची.

आता तुम्ही विचाराल, की या ‘मंद आचे’त एवढं काय आहे? त्यासाठी थोडा मागचा इतिहास सांगते. कुत्र्यासाठी तयार खाणं विकायची कल्पना १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं रुजवली. गव्हाचं पीठ, भाज्या आणि मांस घालून त्यानं बिस्किटं केली. आज दुकानात जे कोरडे दाणे मिळतात, त्यांचं तंत्र अमेरिकेत १९५० च्या दशकात आलं. सगळं जिन्नस दळायचं, वाफ आणि दाब देऊन शंभर अंशांच्या वर तापवायचं आणि साच्यातून दाबून काढायचं, आपण चकली पाडतो तसं. एवढ्या उष्णतेत काही जीवनसत्त्वं जातात, ती नंतर वरून घालतात. दाणे कोरडे असतात, महिनोन्‌महिने टिकतात. ताज्या पाकिटात उष्णता त्याहून कमी असते, पाणी भरपूर राहतं, आणि ते टिकावं म्हणून गोठवतात.

पण ‘मंद आच’ हे शब्द जाहिरातीचे आहेत, मोजमापाचे नाहीत. किती अंशांवर, किती वेळ, हे पाकिटावर नसेल तर विचारावं. कोंबडी आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापली म्हणजे साल्मोनेलासारखे जंतू मरतात. त्याहून कमी तापमान ठेवलं तर वेळ वाढवावी लागते. आणि एक लक्षात ठेवा, बर्फात जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. मी कंपनीला चार प्रश्न विचारले. जेवण किती अंशांवर शिजवता? पाककृती कुणी ठरवली? कॅल्शियम आणि फॉस्फरस किती? हे जेवण कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी आहे? तीन प्रश्नांची उत्तरं नीट आली. कॅल्शियमच्या प्रश्नाला मात्र “आमचं जेवण नैसर्गिक आहे” असं उत्तर आलं. वर्गात असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं!

कॅल्शियमचा एवढा आग्रह का, तर मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम फार थोडं असतं. रानातला प्राणी हाडासकट खातो, म्हणून त्याचं भागतं. बिनहाडाची कोंबडी आणि भात रोज दिला, आणि वेगळं कॅल्शियम घातलं नाही, तर वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम फॉस्फरसइतकं तरी असावं, आणि दुपटीच्या पुढे जाऊ नये. अमेरिकेत पशुखाद्याचे दंडक ठरवणारी ‘आफ्को’ नावाची संस्था आहे, तिचा हा हिशेब. तिच्या दंडकानुसार, पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागात मोठ्या कुत्र्याला निदान १८ टक्के प्रथिनं आणि साडेपाच टक्के स्निग्धांश हवा. वाढत्या पिल्लाला आणि विणाऱ्या कुत्रीला साडेबावीस टक्के प्रथिनं आणि साडेआठ टक्के स्निग्धांश. पाकिटावर ‘संपूर्ण आणि समतोल’ अशा अर्थाचे शब्द असतील तर ते एकटंच रोजचं जेवण म्हणून चालावं, अशी अपेक्षा असते. ‘पूरक’ लिहिलेलं असेल तर ते तोंडी लावणं समजायचं. दिसायला दोन्ही सारखीच असतात, म्हणून बारीक अक्षरं वाचायची. माझ्या सासूबाई म्हणतात, “चष्मा लावून वाचावं लागतं ते खरं, आणि मोठ्ठं छापलेलं ते नुसतं शोभेचं.”

आता पाणी वगळायचं म्हणजे काय, ते बघा. आमच्या पाकिटावर लिहिलं होतं, प्रथिनं १० टक्के. आणि दुकानातल्या कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर होतं, २४ टक्के. आमचे हे लगेच म्हणाले, “अगं, मग दाणेच बरे की!” पण पाकिटात ७० टक्के पाणी आहे. शंभर ग्रॅममधलं पाणी काढलं तर उरले ३० ग्रॅम, त्यात १० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ३३ टक्के. दाण्यांत पाणी फक्त १० टक्के. उरले ९० ग्रॅम, त्यात २४, म्हणजे सुमारे २७ टक्के. म्हणजे पाकीट सरस निघालं. ही वजाबाकी चौथीतल्या मुलालाही जमेल, पण ती केल्याशिवाय दोन पिशव्यांची तुलना करता येत नाही.

मग खुद्द मोत्याची साक्ष. नवं जेवण एकदम द्यायचं नसतं. पहिले दोन दिवस चौथा हिस्सा, मग निम्मं, मग पाऊण, असं आठवड्यानं पूर्ण पाकिटावर आणलं. पाव पाकिटालाच मोत्या भांडं चाटून-पुसून लखलखीत करायला लागला. तरी चवीला मी अर्धाच गुण दिला, कारण मोत्याला सुकटीचा कागदसुद्धा आवडतो. शौच घट्ट आणि कमी वेळा झालं, पोट बिघडलं नाही, त्याला पूर्ण गुण. केसांना तकाकी आली का? वन्संनी फोनवर तीनदा विचारलं. केसांत फरक दिसायला सहा-आठ आठवडे तरी जावे लागतात, आणि आमची पाकिटं पुरली सुमारे अडीच आठवडे. तेव्हा तो रकाना मी कोराच ठेवला.

पुढची परीक्षा साठवणीची, आणि ती घेतली आमच्या पावसानं. जुलैत वादळी वाऱ्यानं झाड तारांवर पडलं आणि छत्तीस तास वीज नव्हती. भरलेला फ्रीजर न उघडता ठेवला तर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला असला तर एकच दिवस. आमचा अर्धाच होता. चार पाकिटं मऊ होऊन कोमट झाली, ती टाकावी लागली, कारण अशी वितळून कोमट झालेली पाकिटं पुन्हा गोठवून उपयोग नसतो. म्हणजे सहाशे रुपये मातीत गेले. आणि छत्तीस तास म्हणजे आमच्याकडे काही फार नव्हेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस दिवे लागले नव्हते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जे सोयीचं, ते पावसाळ्यातल्या कोकणात सोयीचं असेलच असं नाही.

त्यात आला श्रावण. आमच्याकडे एरवी बांगडा, तारली, सुरमई सगळं चालतं, पण श्रावणात घरात काही शिजत नाही. सासूबाईंनी फ्रीजर उघडला आणि म्हणाल्या, “अगं, श्रावणात कोंबडी?” मी गप्प. त्या थोडा वेळ थांबल्या, मोत्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मुक्या जिवाला कसला आलाय श्रावण! पण देवाच्या दुधाजवळ नको हो ठेवू.” मग झाकणाचा स्टीलचा डबा आला आणि प्रश्न मिटला. ज्यांच्या घरी मांसाहार मुळीच नाही, त्यांना मात्र हा विचार पाकीट मागवण्याआधीच करावा लागेल.

आता पैशांचं. मोत्याएवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाकिटात १०० ग्रॅमला १२० कॅलरी. म्हणजे रोज सुमारे ६६५ ग्रॅम, सव्वादोन पाकिटं, सव्वातीनशेहून जास्त रुपये. महिन्याचे दहा हजार. माझा अर्धवेळचा पगार महिन्याला नऊ हजार. कोरडे दाणे घेतले तर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी, रोज २३० ग्रॅम पुरतात. किलोला ४०० रुपये धरले तर महिन्याचे पावणेतीन हजार. जाहिरातीत ‘एका पाकिटाची’ किंमत असते, आपण ‘एका दिवसाची’ काढायची.

मी हा हिशेब मागच्या पडवीत बसून करत होते. तेवढ्यात आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी रिकामं पाकीट उचललं आणि सहज विचारलं, “वहिनी, केवढ्याला पडतं हो हे?” मी खरं ते सांगितलं. मावशी वाईट काही बोलल्या नाहीत. “खाऊ दे हो, म्हातारा झालाय तो,” म्हणाल्या आणि राख घेऊन कामाला लागल्या. पण मैत्रिणींनो, मावशींना मी महिन्याला जे देते, तेवढ्यात मोत्याची पाकिटं जेमतेम पाच दिवस पुरली असती. हा आकडाही मी वहीत लिहिला. तो कोणत्या रकान्यात घालायचा, हे मात्र मला सुचेना. मोत्यावर आमचा जीव आहे. मुलं शाळेच्या गाडीत चढेपर्यंत तो फाटकाशी उभा राहतो, आणि सासरे गेले तेव्हा दोन दिवस त्यांच्या आरामखुर्चीखालून हलला नव्हता. त्याला चांगलं खायला घालायचंच. पण चांगलं म्हणजे महागच का, हा प्रश्न त्या दिवशी पक्का झाला.

मग पुढचा पर्याय, घरचं जेवण. इथेही सावध राहायला हवं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक ना एक आवश्यक घटक कमी निघाला. म्हणजे माया आणि ताजेपणा असला तरी जस्त, कॅल्शियम किंवा एखादं जीवनसत्त्व निसटू शकतं. उलट, भात बाधतो हे वन्संचं म्हणणंही सरसकट खरं नाही. २०१३ सालीच ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन आलं. लांडग्यापेक्षा कुत्र्याच्या शरीरात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती पुष्कळ जास्त असतात, असं त्यात दिसलं. माणसाच्या दारात राहून कुत्रा भाकरी-भात पचवायला शिकला आहे. तेव्हा नीट शिजवलेला भात त्याचा शत्रू नाही. नुसता भात मात्र पुरेसा नाही.

मी सरळ डॉक्टरांकडून मोत्यापुरता कागद लिहून आणला. रोज २०० ग्रॅम बिनहाडाची कोंबडी, ३०० ग्रॅम शिजलेला भात, एक अंडं, १०० ग्रॅम लाल भोपळा, चमचाभर तेल, आणि कुत्र्यांसाठीची जीवनसत्त्वं-क्षारांची पूड त्यांनी सांगितलेल्या मापानं. आठवड्यातून दोनदा कोंबडीऐवजी काटे काढलेला उकडलेला मासा. खर्च रोजचा शंभराच्या आत, महिन्याचा तीन हजारांच्या आसपास. हा कागद मोत्याचा आहे, तो जसाच्या तसा उचलू नका. तुमचं कुत्रं पिल्लू असेल, किंवा मूत्रपिंडाचा, स्वादुपिंडाचा आजार असेल, तर त्याचा कागद वेगळा निघेल. मासा शिजवूनच द्यावा, कारण तारलीसारख्या काही कच्च्या माशांतलं एक द्रव्य ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करतं, आणि शिजवलं की ते निकामी होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी आणि कोंबडीवर भागतं. श्रावणात मोत्याचं पातेलं मागच्या चुलीवर चढतं.

मोत्याचं पातेलं आपल्या वाटणाआधी बाजूला काढायचं. सासूबाईंची ही पूर्वीपासूनची पद्धत, आणि शास्त्रही तेच सांगतं. कांदा आणि लसूण, शिजवलेलेसुद्धा, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला घातक, तेव्हा प्रसादाचा शिरासुद्धा बघून द्या. चॉकलेट नको. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर जिवावर बेततं. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात, ती पानात येता कामा नयेत. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे आंब्याचा बाठा. मे महिन्यात अंगणात पडलेला बाठा कुत्रं गिळतं, तो आतड्यात अडकतो, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर राहत नाही. बाठे बंद बादलीत टाका.

तर परीक्षेचा निकाल असा. पाकीट वाईट नाही. जिन्नस चांगले, पोटाला सोसलं, पाणी भरपूर, आणि ज्यांना वेळ नाही, पैसा आहे, वीज भरवशाची आहे, त्यांनी वरचे चार प्रश्न विचारून खुशाल घ्यावं. कोरडे दाणेही टाकाऊ नाहीत. ‘संपूर्ण’ असतील आणि मापात दिले तर त्यांवर कितीतरी कुत्री सुखानं म्हातारी होतात. आमच्यासारख्या घरी, जिथे रोज चूल पेटतेच, तिथे डॉक्टरांचा कागद आणि एक वेगळं पातेलं पुरतं. पाकिटानं आम्हाला दिली ती मापाची सवय. वन्संना मी हिशेबाचं पान फोटो काढून पाठवलं. त्यांना आधी थोडं वाईट वाटलं, मग म्हणाल्या, “पुढच्या खेपेला क्षारांच्या पुडीचा डबा मी पाठवते, तेवढं तर घ्याल?” म्हटलं, “आनंदानं!”

एक शेवटची युक्ती सांगते. कोणतंही जेवण द्या, महिन्यातून एकदा वजन बघा. कुत्रं काट्यावर उभं राहत नाही, म्हणून त्याला कडेवर घेऊन आपण उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. बरगड्यांवरून हात फिरवावा. हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येऊ नयेत. वजन वाढलं तर भात मूठभर कमी करावा, आणि विनाकारण घटलं तर डॉक्टरांकडे जावं. आमच्याकडे हे काम ह्यांच्याकडे आहे, आणि वही धाकट्याकडे. या महिन्याची नोंद आहे, पंधरा किलो दोनशे ग्रॅम. पुढे त्यानं कंसात लिहिलंय, ‘बाबा हलले होते.’